मिठाचे डोहाळे

"तोंड उघड बघू," आक्का म्हणाल्या.

मी तोंड मिटूनच उभी राहिले. आमचं किराणा दुकान तासगावात, बाजारपेठेच्या तोंडाशी, आणि मागे घर. दुकानाच्या पायरीला टेकून खड्या मिठाचं पोतं उघडं ठेवलेलं असायचं. त्यातलाच एक खडा त्या वेळी माझ्या जिभेखाली होता.

"उघड म्हणते ना!"

उघडलं. सासूबाईंनी आधी तोंडात बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग पोटाकडे, आणि हसल्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझ्याकडे बघून आक्का हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कधीपासनं चाललंय हे?"

"बरेच दिवस झाले. सारखं मीठच खावंसं वाटतं. लोणच्याचा खार, नाहीतर नुसतं मीठ."

"आणि उलट्या?"

"सकाळी होतात कधीकधी."

"पाळी?"

मी मान खाली घातली. दोन महिने चुकली होती. आक्का तिथूनच दुकानाच्या दिशेने वळल्या आणि सासऱ्यांना हाक मारली, "अवं, ऐकलं का! शेंगदाणे मोजायचं थांबवा जरा!"

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. संध्याकाळी भाजीवालीने मला कोथिंबिरीची एक जुडी जास्त दिली आणि म्हणाली, "जपा हं वैनी." माझ्या पोटात बाळ आहे हे मला सोडून गावात सगळ्यांना पटलं होतं. मला आपलं वाटत होतं, मी आजारी आहे.

रात्री मी नवऱ्याला तसं सांगितलं. चंद्रकांत चांगला माणूस. फक्त त्याला आईच्या वाक्यानंतर दुसरं वाक्य बोलायची सवय नव्हती.

"अहो, माझ्या अंगात ताकद म्हणून राहिली नाही. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. वजन उतरलंय. बाळ असलं की वजन वाढतं ना?"

"आक्का म्हणते, पहिले काही महिने उतरतं."

"एकदा तपासून तरी घेऊ."

तपासायला डॉक्टर लोखंडे आले. ते घरचे डॉक्टर. त्यांची पद्धत अशी, की आधी सासऱ्यांबरोबर चहा, मग राजकारण, मग उठता उठता रोगी. माझं मनगट हातात धरून त्यांनी डोळे मिटले.

"नाडी मऊ लागतेय. अभिनंदन!"

"डॉक्टर, लघवीची तपासणी करायची का?" मी विचारलं.

ते सासऱ्यांकडे बघून हसले. "आण्णा, सूनबाई शिकलेल्या दिसतात. अहो, तीस वर्षांत निम्म्या गावाची नाडी बघितली मी. अनुभवाला तपासणी लागत नाही."

"देवाच्या देण्याची कसली तपासणी?" आक्का म्हणाल्या. विषय संपला.

त्यानंतर मी काळी पडू लागले. मुळात मी गव्हाळ. आता चेहरा, मान, हाताची कोपरं, बोटांचे सांधे असे काही गडद होत गेले की आरशात मला दुसरीच बाई दिसायची. त्यावर सुंदरामावशींचा निकाल आला. या आक्कांच्या थोरल्या बहीण. शेजारच्याच गल्लीत राहायच्या आणि गावातल्या कुठल्याही गरोदर बाईला बघून मुलगा की मुलगी ते सांगायच्या. चुकल्या तर म्हणायच्या, "मुलगाच होता, ऐनवेळी बदलला."

"आई काळवंडली म्हणजे लेकरानं तेज ओढून घेतलं," मावशींनी मला उजेडाला उभं करून सांगितलं. "मुलगा. लिहून घ्या."

"पण मावशी, पोट कुठं दिसतंय?"

"पाठीकडं बसलाय. लाजरा हाय."

मी अशक्त होत गेले तसा घरात माझा मान वाढत गेला. पाण्याची कळशी कोणी उचलू देईना. मी जिना चढताना मध्येच बसले, की आक्का कौतुकाने शेजारणीला म्हणायच्या, "बघा, किती जड झालीया!" वजन तर इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जेवण नको वाटायचं. मीठ मात्र हवं असायचं. ताकात मूठभर मीठ घालून प्याले की घटकाभर उभं राहता यायचं, एवढं मला कळलं होतं. कारण माहीत नव्हतं. रानातल्या गाईम्हशींना तरी कुठे माहीत असतं? भिंत चाटतात बिचाऱ्या.

मग एक दिवस डॉक्टर लोखंडे पुन्हा चहाला आले, आणि आक्कांनी त्यांना माझ्या मिठाचं सांगितलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"मीठ? अहो, बंद करा आधी! गरोदरपणात मीठ म्हणजे पायाला सूज, डोक्याला रक्तदाब. बाळाला धोका. अळणी द्या सगळं."

त्यांनी माझा रक्तदाब मोजला नाही. पाय मात्र बघितले. सूज नव्हती. "बघा, अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले.

पायरीवरचं पोतं त्याच दिवशी उचलून आतल्या खोलीत गेलं आणि कडीला कुलूप लागलं. गिऱ्हाईक मीठ मागायला आलं की सासरे किल्ली घेऊन उठायचे. लोणच्याच्या बरण्या फळीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात गेल्या. माझं ताक, भाजी, आमटी, सगळं अळणी. मी रडले तर आक्का डोक्यावरून हात फिरवायच्या. "सोस पोरी. लेकरासाठी सोसावं लागतंय."

एकदा तर मी शेजारच्या घरी मीठ मागायला गेले. शेजारीण आत गेली आणि वाटीतून साखर घेऊन आली. गल्लीभर निरोप फिरला होता.

डोहाळजेवण खरं तर सातव्यात. पण पुढे अधिक महिना येत होता आणि आक्कांना धीर नव्हता, म्हणून पाचव्यातच ठरलं. कार्यक्रमाच्या आधीच मला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरेना. "भरल्या घरात असं होतंयच," सुंदरामावशी म्हणाल्या. मला हिरवी साडी नेसवली, हातात, गळ्यात, केसांत जाईच्या फुलांचे दागिने घातले आणि अंगणातल्या झोपाळ्यावर बसवलं. सांगलीहून माझी आई आली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि दचकली.

"शैला, तुझ्या तळहाताच्या रेषा एवढ्या काळ्या कशा? शाईने काढल्यासारख्या?"

मावशींनी तो हात ओढून घेतला आणि सगळ्या बायकांना दाखवला. "भाग्यरेषा उठून आलीया! राजयोग हाय पोराला."

आई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात ओटी भरायला सुरुवात झाली. बायका गात होत्या. मला त्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज मात्र विहिरीतून येत होता. शेवटी माझ्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एका वाटीकडे हात नेला. हात वाटीपर्यंत पोचला की नाही ते मला आठवत नाही.

पुढचं मला चंद्रकांतने सांगितलं. मी झोपाळ्यावरून पुढे कोसळले, ओटीतले गहू अंगणभर झाले, आणि पहिला आवाज आला तो सुंदरामावशींचा: "गव्हावर पाय देऊ नका गं!" दोन्ही वाट्या उलथल्या होत्या. दोन्हींत पेढे होते.

डॉक्टर लोखंडे जेवायलाच आलेले होते. ते हात धुऊन आले, रक्तदाबाचं यंत्र पहिल्यांदाच माझ्या दंडाला बांधलं, हवा भरली, सोडली, परत भरली.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या दंडाला लावून बघितलं. यंत्र चांगलं होतं. "मिरजेला न्या," ते हळूच म्हणाले. "आत्ता."

बेदाण्याच्या खोक्यांचा टेम्पो समोरच उभा होता. तो रिकामा केला, मला आत निजवलं, आणि आई, आक्का, चंद्रकांत असे सगळे निघाले. मिरजेच्या दवाखान्यात त्या दिवशी कामत नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. फुलांचे दागिने घातलेली, थंडगार पडलेली बाई बघून त्यांनी विचारलं, "कितवा महिना?"

"पाचवा," तिघेही एकदम म्हणाले.

बाईंनी पोटावर हात ठेवला. वर बघितलं. माझा ओठ अंगठ्याने खाली ओढून हिरड्या बघितल्या. त्यांवर निळेकाळे डाग होते. तळहात बघितले.

"ही पहिल्यापासून एवढी सावळी आहे?"

"नाही," माझी आई म्हणाली. "गव्हाळ होती."

"हिला मीठ खावंसं वाटायचं का?"

चंद्रकांत म्हणाला, "वाटायचं. आम्ही बंद केलं."

बाईंनी लगेच दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि शिरेतून एक इंजेक्शन दिलं.

इथून पुढचं मला आठवतं. विझत आलेल्या चुलीत कोणीतरी फुंकर घालावी तसं झालं. आधी पाय माझे झाले, मग हात, मग आवाज स्वच्छ ऐकू यायला लागले. डोळे उघडले तर आक्का तोंडात पदर धरून उभ्या. मी म्हटलं, "भूक लागलीय." महिनोन्‌महिने न आलेला शब्द होता तो. खरोखर, त्या क्षणी मी दवाखान्याची चादर खाल्ली असती.

"बाळ कसं हाय?" आक्कांनी बाईंना विचारलं.

"बाळ नाही," डॉक्टर कामत म्हणाल्या. "कधीच नव्हतं."

एक्स-रे झाले, रक्त तपासलं, आणि दोन-तीन दिवसांनी बाईंनी आम्हाला नीट बसवून सांगितलं. "दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिथं हार्मोन तयार होतात, स्टिरॉइड म्हणतात त्यांना. कोलेस्टेरॉलपासून बनतात ते, म्हणजे एका जातीच्या चरबीपासून."

"हिच्या अंगात चरबी कुठली?" आक्का म्हणाल्या.

"तेवढी सगळ्यांच्या अंगात असते आजी. चरबी आहे, कारागीर नाहीत. हिच्या ग्रंथी टीबीने खाल्ल्यात. त्यांतलं एक हार्मोन अंगातलं मीठ धरून ठेवतं. ते नसलं की मीठ लघवीवाटे निघून जातं, त्याच्यामागे पाणी जातं, आणि रक्तदाब कोसळतो. दुसरं हार्मोन उपास, ताप, उलट्या, धक्का अशा वेळी माणसाला उभं ठेवतं, साखर सांभाळतं. उलट्या त्यानंच, आणि अंग एवढं खचलं की पाळीसुद्धा थांबते. ही खडे चघळत होती ना, त्यावर जगत होती."

चंद्रकांतने मान खाली घातली.

"आणि काळी कशानं पडली?" आक्कांनी विचारलं.

"मेंदूच्या खाली एक ग्रंथी आहे. ती या दोघींना हुकूम सोडते, माल बनवा म्हणून. इथं माल येत नाही म्हटल्यावर ती हुकमावर हुकूम सोडत सुटते. त्या हुकमाचाच असा गुण आहे, की तो वाढला की कातडी काळी पडते."

आक्का विचारात पडल्या. "म्हणजे ती वर बसून नुसती वरडती, आणि खालची मरायला टेकली तरी तिला पत्ता न्हाई?"

"तसंच म्हणा."

"कसली बाई म्हणायची ही!" आक्का म्हणाल्या. चंद्रकांतला एकाएकी खोकला आला आणि तो व्हरांड्यात निघून गेला.

टीबीवरच्या गोळ्या ठरावीक काळाच्या, आणि हार्मोनच्या जन्मभर. ताप आला तर त्या दुप्पट करायच्या, उलटी होऊन पडून गेल्या तर इंजेक्शन; पण बंद कधी करायच्या नाहीत. हे बाईंनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

घरी परत आले तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली. आक्का आदल्या दिवशीच पुढे आल्या होत्या. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"हे बघ. अख्खी गल्ली जेवून गेलीया. न्हवतंच म्हणून सांगितलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई. आणि टीबीचं नाव तर काढूच नकोस. मी सांगितलंय, दृष्ट लागली, पोट पडलं. बायका भेटायला येतील. भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हा."

मी पडले. नाही तरी काय करणार होते? पण माझी पंचाईत वेगळीच होती. गोळ्या सुरू झाल्यापासून मला इतकी भूक लागायची, आणि अंगात इतका उत्साह, की पडून राहणं हीच शिक्षा. बायका ओसरीवर जमल्या, एकेक करून आत येऊन हुंदके द्यायला लागल्या, आणि मी पांघरुणाखाली भाकरी आणि ठेचा खात भिंतीकडे तोंड करून शोक करत होते. खांदे हलताना दिसले की बायका म्हणायच्या, "रडू द्या, मोकळी होऊ द्या."

सुंदरामावशी आल्या त्या उशाशीच बसल्या.

"माझ्या डोळ्यांसमोरनं हलत न्हाई गं ते लेकरू," त्यांनी सूर लावला. "आण्णांसारखं नाक. हे एवढं कपाळ. राजासारखा आला असता आणि न बघताच गेला. काय पाप केलं होतं त्यानं?"

भोवतीच्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझी आई दाराशी उभी होती. ती एकटीच माझ्याकडे बघत होती. मला काय झालं कोण जाणे. मी पांघरूण बाजूला केलं आणि उठून बसले. ओठाला ठेचा लागलेला असणार.

"मावशी," मी म्हटलं, "गेलं कोणी नाही. जायला निघाले होते ती मी."

बायकांनी डोळ्यांचे पदर खाली घेतले.

"पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय," मावशी कुजबुजल्या.

"नाही झालेला," दारातून आवाज आला. चंद्रकांत दुकानातून उठून आला होता, हाताला पीठ तसंच. आईच्या वाक्यानंतर दुसरं वाक्य बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "बाळ नव्हतंच. शैला आजारी होती. आपण सगळ्यांनी मिळून तिला अळणी खायला घातलं. अजून अर्धा तास गेला असता तर आज तुम्ही खरंच रडायला आला असता."

आक्का भिंतीला टेकल्या. सुंदरामावशी बराच वेळ हिशेब लावत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आम्ही डोहाळजेवण कुणाचं जेवलो?"

"माझंच," मी म्हटलं. "मलाच डोहाळे लागले होते ना."

एक तरणी बाई फसकन हसली. तिला हसू आवरेना म्हणून ती बाहेर पळाली, आणि तिच्यामागून बाकीच्याही निघाल्या. सतरंजी रिकामी झाली.

आक्का माझ्याशी पुढचे कित्येक दिवस बोलल्या नाहीत. ताट पुढे सरकवायच्या, गोळ्यांची डबी ठेवायच्या आणि तोंड फिरवून जायच्या. अबोला सुटला तो माझ्या तापाने. पावसाळ्यात मला हिवतापासारखं काहीतरी झालं, आणि सासऱ्यांनी सवयीने डॉक्टर लोखंड्यांना बोलावलं. त्यांनी माझी डबी उचलून वाचली आणि कपाळाला हात लावला.

"स्टिरॉइड! अहो, हे विष आहे. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आधी बंद करा."

मी तापात होते. माझा आवाज फुटेना. आक्का चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या आणि डॉक्टरांच्या हातातून डबी काढून घेतली.

"ज्याच्या अंगात तयार होतंय त्यानं वरनं खाल्लं तर ते विष. हिच्या अंगात तयारच होत न्हाई. हिनं काय करायचं?"

"आक्का, मी तीस वर्षं—"

"मीठबी तुम्हीच बंद केलं होतं. बसा, चहा घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताप आला की दुप्पट म्हटलं होतं ना बाईनं? तोंड उघड."

मी उघडलं.

तीन वर्षांनी मला खरंच दिवस गेले. आक्कांनी ते मुळीच मान्य केलं नाही. लघवीची तपासणी दोन ठिकाणांहून करून आणायला लावली, सुंदरामावशींना अंगणाच्या आत येऊ दिलं नाही, आणि पोट चांगलं वर आलं तरी विचारणाऱ्याला सांगायच्या, "बघू, काय निघतंय ते." डोहाळजेवणाचं नाव कोणी काढलं नाही. मिरजेला प्रत्येक खेपेला त्या स्वतः यायच्या आणि डॉक्टर कामतांना एवढे प्रश्न विचारायच्या, की बाई एकदा म्हणाल्या, "आजी, तुम्हीच बसा खुर्चीवर."

कळा सुरू झाल्यावर मला जास्तीचं इंजेक्शन द्यायचं ठरलेलं होतं. ते दिलं की नाही, हे आक्का दारातून दोनदा विचारून गेल्या. नंतर नर्स बाहेर गेली, आणि मी आतून ऐकत होते.

"आजी, पेढे वाटा, नात झाली!"

"ते असू दे," आक्का म्हणाल्या. "सुनंचं बीपी किती हाय?"